तीन थापा

चार क्रमांकाच्या टाकीत त्या सोमवारी सात घोळ मासे होते, तीन तांबोशी, एक गोब्रा, कालवं चिकटलेला एक खरा खडक आणि सिमेंटचे पाच. दोन पंप, हवेच्या चार नळ्या, सहा दिवे. काचेची जाडी एकवीस सेंटिमीटर. आदल्या दिवशी घातलेल्या तीन किलो खाद्यापैकी दोन किलो सहाशे ग्रॅम तळाशी तसंच पडून होतं. पाण्यातला आवाज, पाण्यासाठी वापरतात त्या मोजपट्टीवर, १२६ डेसिबल. त्यातला माशांनी केलेला आवाज शून्य.

ही नोंद माझ्या हातची आहे. तारीख ५ ऑक्टोबर २०३७.

मत्स्यालयाच्या डॉक्टरांनी सातही घोळ तपासले होते. रक्त ठीक, कल्ले ठीक, पाण्यातलं मीठ ठीक. तरी ते खात नव्हते आणि एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहत होते. म्हणून आम्हाला बोलावलं होतं. आम्ही म्हणजे श्रीरंग देवस्थळी आणि मी, शलाका कुबल. सरांनी मला पुण्यात एमएस्सीला ध्वनिशास्त्र शिकवलं आणि निकाल लागायच्या आत आपल्या छोट्या कंपनीत घेतलं. मत्स्यालयांतल्या टाक्यांसाठी नैसर्गिक आवाज रचायचे हे आमचं काम. ‘आधी मोज, मग मत दे’ ही सवय मला सरांनी लावली.

सरांनी काचेला कान लावला आणि लगेच काढला. “पिठाची गिरणी आहे ही,” ते म्हणाले. “चोवीस तास गिरणीत राहून तुला जेवण जाईल का?”

बाहेरून टाकी शांत वाटते, कारण आतला आवाज काच ओलांडून फारसा हवेत येत नाही. पाण्यात मात्र आवाज हवेपेक्षा साडेचार पट वेगाने जातो आणि भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा परततो. पंपाची घरघर माशाला सगळीकडून ऐकू येते आणि ती कधी थांबत नाही. समुद्रही गप्प नसतो, पण त्याच्या आवाजाला काही अर्थ असतो. कोलंब्या कडकडतात, लाटा खडकात फुटतात, आणि या आवाजांवरूनच माशांची पिल्लं राहायची जागा निवडतात. घोळ तर बोलणारा मासा. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या दोन बाजूंचे स्नायू सेकंदाला शंभरहून जास्त वेळा थरथरतात आणि पिशवी ढोलासारखी वाजते. पावसाळा संपला की हे मासे ठरावीक ठिकाणी गोळा होतात, संध्याकाळी नर बोलतात, माद्या येतात आणि अंडी पडतात. या पिशवीला कोळी बोत म्हणतात. औषधासाठी परदेशात तिला सोन्यासारखी मागणी आहे. ज्या अवयवाने हा मासा बोलतो, त्याच्याचसाठी तो मारला जातो.

“आपल्याला खऱ्या घोळांची खरी संध्याकाळ हवी,” सर म्हणाले. “पण त्यांची जागा आता कोणाला माहीत आहे?”

मला माहीत होती. म्हणजे माझ्या मामाला माहीत होती.

*

सगुणमामा देवगडच्या दक्षिणेला आमच्या वाडीत राहतो. माझे वडील मी चौथीत असताना गेले. त्यानंतर मी आणि आई मामाकडेच राहिलो. अकराव्या वर्षी त्याने मला पहिल्यांदा होडीत नेलं आणि वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांड्याचं टोक माझ्या दातांत दिलं. पाण्यातला आवाज लाकडातून दातांत, दातांतून हाडांत आणि हाडांतून कानात जातो हे मी कॉलेजात शिकले. त्या दिवशी मला फक्त एवढं कळलं की समुद्र माझ्या डोक्यात बोलतोय.

मी गेले तेव्हा मामा अंगणात जाळं शिवत बसला होता.

“काय गो चेडवा, एवढां शिकलंस आणि अजून मामाच्या वल्ह्याचीच आठवण येता?”

“मामा, घोळाचो आवाज होयो.”

“बाजारात मिळता काय बघ. नायतर ऑनलाइन मागव.”

मामी घरातून म्हणाली, “आवाज होयो तर माझो घेऊन जा. हेंका तसो पण तो नको झालोहा.”

मी सगळं सांगितलं. सात घोळ, पंप, न खाल्लेलं खाद्य. मामाने सुई जाळ्यात तशीच ठेवली.

“कोपऱ्यात उभे रवतत?”

“होय.”

“घाबरले असतले.” त्याने जाळं बाजूला सारलं. मग म्हणाला, “नेतंय तुका. पण जागा कोणाक सांगूची नाय. तुझ्या सायबाक नाय. उद्या लगीन झालां तर घोवाक नाय.”

“सांगूचंय नाय.”

“आणि आवाज? तो खय जातलो?”

“टाकीत. टाकीच्या बाहेर नाय.”

किनाऱ्यापासून किती आणि कोणत्या दिशेला ते मी इथेही लिहीत नाही. सूर्य मावळताना मामाने इंजिन बंद केलं. मी दोन हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, दोन बाजूंनी सोडले. मग मामाने वाकून होडीच्या आतल्या फळीवर तळहाताने थाप दिली. एक. दोन. आणि जरा उशिराने तीन. त्याचा उजवा खांदा फार वर्षांपूर्वी निखळला होता, त्यामुळे तिसरी थाप नेहमी रेंगाळते. बोटात तांब्याची अंगठी आहे, तिची प्रत्येक थापेबरोबर बारीक टक् अशी खूण उठते.

खाली सगळं गप्प झालं. अडतीस सेकंद. मग जुनं लाकडी दार सावकाश उघडावं तसा एक आवाज आला. मग दुसरं दार. मग सगळ्या वाडीचीच दारं उघडायला लागली.

मामाने वल्हं दातांत धरलं होतं आणि डोळे मिटून बोटांच्या पेरांवर तो आवाज मोजत होता. त्याचा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. दहा बोलले तर एक न्यायचा. नऊ बोलले तर रिकामं परतायचं.

परत येताना मी म्हटलं, “मामा, उद्या थाप नको देऊ. मुद्रणात येता ती.”

“मगे येऊ दे.”

“थाप नसली तर आवाज साफ येतलो.”

“चेडवा, खबर न देता ऐकणां म्हणजे लोकांच्या दाराक कान लावणां. तां माझ्याच्यान होवचां नाय. दारात इलंय म्हणान सांगूचां, मग तेंका बोलूचां असला तर ते बोलतीत.”

आम्ही नऊ संध्याकाळी गेलो. नऊही वेळा त्याने थाप दिली. दोन हायड्रोफोनपर्यंत आवाज पोचायला लागलेल्या वेळेतल्या फरकावरून मी एकेक मासा वेगळा केला. एकूण दोनशे त्रेचाळीस.

*

सरांच्या यंत्राचं नाव विणकर. ध्वनिमुद्रण नुसतं फिरवून फिरवून वाजवलं तर मासे तीन दिवसांत ओळखतात आणि दुर्लक्ष करतात. विणकर मुद्रण उसवतो. कोणता मासा कोणाला उत्तर देतो, किती वेळाने, अंधार पडल्यावर लय कशी बदलते हे शिकतो आणि त्यातून नवी संध्याकाळ विणतो. ती खरी असते, पण कधीच होऊन गेलेली नसते. शिकून झाल्यावर त्याला मूळ मुद्रणांची गरज उरत नाही. मुद्रणांची सगळी मेमरी कार्डं मी मामाच्या हवाली केली. त्याने ती बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

करार मी आग्रहाने करून घेतला. सरांनी हसतच लिहिलं, ‘हा ध्वनी फक्त बंदिस्त जलसाठ्यात वापरला जाईल.’ खाली व्याख्या होती: काच किंवा भिंत यांनी वेढलेलं पाणी.

“सर, खाडीतला पिंजरा राहिला,” मी म्हटलं. “आजारी मासे तिथे ठेवतात. त्याला भिंत नाही, जाळं आहे.”

“बरोबर आहे तुझं. दुरुस्त कर.”

मी टाइप केलं: काच, भिंत किंवा जाळे यांनी वेढलेले पाणी. व्याख्येत काही सुटलं नाही याचं मला समाधान वाटलं.

उरला प्रश्न थापेचा. आमच्या कामात माणसाचा प्रत्येक आवाज पुसून टाकायचा असतो. इंजिन, खोकला, दोरीची करकर, सगळं. मी थाप पुसली आणि टाकीत आवाज सोडला. घोळ कोपऱ्यातून बाहेर आले आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा बोलले, तासाला सरासरी बारा वेळा. मग केवळ कुतूहलापोटी मी थाप परत घातली, वीस-पंचवीस मिनिटांतून एकदा, मागोमाग ती अडतीस सेकंदांची शांतता. तासाला एक्केचाळीस.

आठवडाभर आलटून पालटून पाहिलं. आकडे तेच. हे सात घोळ आमच्याच किनाऱ्यावरून आणलेले होते, वय आठ ते बारा वर्षं. दर मोसमात त्यांनी मामाची थाप ऐकली असणार. थापेनंतर बहुतेकांना काहीच होत नाही हे त्यांना माहीत असणार. अहवालातल्या तक्ता क्रमांक तीनखाली मी लिहिलं, ‘कारण अनिश्चित. थाप ठेवावी.’ आणि सही केली.

मत्स्यालयात ऋतू आमच्या हातात होता. दिवे आणि पाण्याची ऊब वापरून आम्ही जानेवारीत ऑक्टोबर आणला. सत्तावीस जानेवारीला टाकीत अंडी पडली. बंदिस्त पाण्यात घोळांनी आपणहून अंडी घातल्याची आम्हाला ठाऊक असलेली ती पहिली वेळ. सरांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला म्हणाले, “तुझ्या कानामुळे झालं हे.”

मी मामा-मामीला टाकी दाखवायला आणलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने काचेला कपाळ टेकलं, मग इकडेतिकडे बघून हळूच दात टेकले. सुरक्षारक्षक धावत आला.

“अहो काका, काच चाटू नका!”

“चाटणंय नाय रे, ऐकतंय.”

मामी तोंडाला पदर लावून हसत होती. मामाचं लक्ष नव्हतं. काचेतून त्याला त्याचीच थाप ऐकू आली होती. तो माझ्याकडे वळला तेव्हा लहान मुलासारखा खूश होता.

“माझो हात आसा मगो ह्यो!”

“तुझोच.”

“आता मी घराक असलंय तरी हेंका खबर मिळतली.” मग तो जरा गंभीर झाला. “हयच रवतलो मा आवाज?”

शेजारी सर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “काका, टाकीबाहेर जाणार नाही. शलाकाने लिहूनच घेतलंय माझ्याकडून.”

*

त्याच वर्षी, ९ ऑक्टोबरला मामाचा फोन आला. तो फोन करत नाही, मामी करते.

“तू मंगळवारी समुद्रात होतंस?”

“नाय मामा. ऑफिसात होतंय.”

“होडीबिडी घेऊन कोण इललो तुमच्यातलो?”

“नाय. कित्याक?”

“बरां,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी हायड्रोफोन घेऊन वाडीत पोचले. मामा बंदरावर होडी लोटत होता. मला बघून तो थांबला नाही. होडी पाण्यात गेल्यावर म्हणाला, “बसा.”

माझ्यामागे कोणी आलंय असं वाटून मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

“तुमी बसा होडयेत. अंगार पाणी येतलां, पिशवी वर धरा.”

त्या संध्याकाळी तो माझ्याशी तसंच बोलला. त्यानंतरही तसंच. मामा बोटीच्या मालकांना तुमी म्हणतो, तलाठ्याला म्हणतो आणि अनोळखी लोकांना म्हणतो.

जागेवर पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं, पण फळीवर हात ठेवला नाही. वल्हं पाण्यात सोडून त्याने टोक माझ्यापुढे धरलं. मी ते दातांत घेतलं.

सुरुवातीला फक्त कोलंब्यांची कडकड होती. मग दूरवरून आवाज आला. एक. दोन. आणि जरा उशिराने तीन.

मामाचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.

मी यंत्र लावलं. पहिल्या दोन थापांमधलं अंतर ०.८१ सेकंद, दुसऱ्या-तिसऱ्यातलं १.३४. प्रत्येक थापेवर अंगठीची खूण. हे आकडे माझ्या अहवालात होते. आवाज नैर्ऋत्येकडून येत होता, सव्वा किलोमीटरवरून. तिथे चार मोठ्या पर्ससीन बोटी दिवे विझवून उभ्या होत्या. थापेनंतर अडतीस सेकंद गेले आणि शेकडो घोळ बोलायला लागले, एकही खरा नसलेले. आमच्या खालून काही खरे आवाज त्या दिशेने सरकत गेले. थोड्या वेळाने बोटींवरचे दिवे लागले आणि जाळ्याचा घेर आवळणाऱ्या यंत्राची घरघर पाण्यातून आली.

आमच्या होडीखालच्या, पाण्यात बुडालेल्या खडकावर मी त्या संध्याकाळी मोजलेले वेगळे आवाज अकरा.

“मी जागा सांगलंय नाय मामा,” मी म्हटलं. “कोणाक नाय.”

“माका म्हायती आसा.” तो बोटींकडे बघत होता. “तेंका जागा लागलीच नाय. जागाच उचलून तेंनी थय नेली.”

घरी मामीने पाण्याचा तांब्या दिला आणि हळू आवाजात विचारलं, “चेडवा, काय केलंस गो? मंगळवारपासून हेंनी वल्हा घरात आणून उभा करून ठेवलाहा. जेवतत पण तेच्याकडे पाठ करून. आज तुझ्यासाठी भायर काढल्यानी.”

*

सरांची खोली मत्स्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, चार क्रमांकाच्या टाकीच्या बरोबर वर आहे. मी ध्वनिमुद्रण त्यांच्या टेबलावर ठेवलं.

“सर, विणकर समुद्रात वाजतोय.”

त्यांनी न कळल्याचा आव आणला नाही. हेडफोन लावून मिनिटभर ऐकलं.

“किती अंतरावरून घेतलंस?”

“सव्वा किलोमीटर.”

“छान. बोटवाले म्हणत होते, नऊशे मीटरपर्यंतच पोचतो.”

“तुम्ही माझ्या मामाला सांगितलंत, टाकीबाहेर जाणार नाही.”

“करार वाच शलाका. बंदिस्त जलसाठा. काच, भिंत किंवा जाळे यांनी वेढलेलं पाणी. पर्ससीनचं जाळं चारही बाजूंनी पाणी वेढतं. वकिलाने दोनदा तपासलंय.”

“ते जाळं पिंजऱ्याचं होतं!”

“व्याख्येत तसं म्हटलंय का?”

“तुम्हाला माहीत होतं ते कशासाठी घातलं होतं. माझ्यासमोर ‘दुरुस्त कर’ म्हणालात.”

“म्हणालो. तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं, शपथेवर सांगतो. मार्चमध्ये ते लोक आले तेव्हा मी करार काढून वाचला आणि शब्द तिथे होता.” ते खरंच समजावून सांगत होते, वर्गात सांगायचे तसे. “हे आज ना उद्या कोणीतरी करणारच होतं. निदान आपलं काम अचूक आहे. आणि एक लक्षात घे, मी तुझं श्रेय खाल्लेलं नाही.”

त्यांनी एक छापील पत्रक पुढे केलं. त्यावर बोटीचं चित्र होतं, खाली माझा तक्ता क्रमांक तीन. थापेशिवाय बारा, थापेसह एक्केचाळीस. त्याखाली माझं पूर्ण नाव, पदवी आणि ‘थाप ठेवावी’ हे माझे दोन शब्द, ठळक अक्षरांत.

“याच्यामुळेच त्यांनी घेतला,” सर म्हणाले.

मी ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. सर त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “मूळ मुद्रणं कुठे आहेत?”

“मामाकडे. का?”

“राहू देत जपून. कधी थाप काढायची वेळ आली, तर विणकराला पहिल्यापासून शिकवावं लागेल. आहे त्यातून ती आता निघत नाही, फार खोल विणली गेलीय.”

जिना उतरताना मी चार क्रमांकाच्या टाकीसमोर थांबले. सातही घोळ पुढे आले होते. पाण्यात तीन थापा पडल्या आणि ते वाट बघत उभे राहिले.

*

तक्रार मी केली. लेखी, पुराव्यासह. नियमांत जाळ्याच्या डोळ्याचा आकार होता, दिवे होते, इंजिनाची ताकद होती. आवाज हा शब्द नव्हता. समिती नेमण्याचा विचार होईल असं उत्तर आलं. मोसम संपायला पाच आठवडे होते.

म्हणून मी मामासमोर दुसरी गोष्ट मांडली. आम्ही अंगणात बसलो होतो, तो ओट्यावर आणि मी पायरीवर.

घोळ गाद्याला, म्हणजे डॉल्फिनला घाबरतात. गाद्याची शिट्टी ऐकली की सगळे एका क्षणात गप्प होतात आणि पांगतात. खडकावर रोज संध्याकाळी थाप द्यायची आणि शांततेऐवजी लगेच गाद्याचा आवाज सोडायचा. थाप, गादा. थाप, गादा. मासे शिकतात. पुरेशा वेळा झालं की नुसती थाप ऐकून ते पांगतील. विणकर दर वीस-पंचवीस मिनिटांनी थाप देतो आणि ती त्याच्यातून काढता येत नाही. मासे गोळा करायला सोडलेलं यंत्र स्वतःच त्यांना पळवून लावेल.

मामाने सगळं ऐकलं.

“मगे तेंका माझी थाप म्हणजे गादो.”

“होय.”

“आणि माका?”

“तुका परत ऐकू येवचे नाय. थाप दिलस तर नाय.”

“थाप दिल्याशिवाय मी ऐकणंय नाय, ह्यां तुमका ठावक आसा.”

“होय मामा.”

“किती वर्सां?”

“घोळ पंधरा-पंधरा वर्सां जगता. लहान मासे मोठ्यांचा बघून शिकतत.”

मामाचं वय त्या वर्षी सदुसष्ट होतं. तो उठून आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात बिस्किटांचा डबा होता. न्हाणीघराच्या चुलीवर पाणी तापत होतं. त्याने झाकण उघडलं आणि डबा चुलीत उपडा केला. प्लॅस्टिकचा वास सगळ्या अंगणात पसरला.

मामी धावत आली. “ओ, बिस्किटां होती काय आत?”

“नाय,” मामा म्हणाला. “संपली कधीच.” मग माझ्याकडे न बघता, “थाप यंत्रातली नको. मी देतलंय. फसवूचां तर तोंडावर फसवूक होयां.”

पहिल्या संध्याकाळी त्याने फळीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. एक. दोन. आणि जरा उशिराने तीन. मी बटण दाबलं. पाण्यात गाद्याच्या शिट्ट्या गेल्या. अकरा आवाज एकदम बंद झाले, आणि खालून काही मोठं झपाट्याने निघून गेल्याचा धक्का होडीच्या तळाला लागला.

“चाळीस वर्सां थाप दिलंय,” मामा म्हणाला. “आज मारलंय.”

आम्ही बावीस संध्याकाळी गेलो. सहाव्या दिवशी थापेनंतरची शांतता चार मिनिटं टिकली. अकराव्या दिवशी मासे शिट्टीच्या आधीच हलले. पंधराव्या दिवशी पर्ससीन बोटी नैर्ऋत्येला दिसल्या नाहीत, सोळाव्याला त्यांचे दिवे बरेच उत्तरेला होते. त्यांच्या जाळ्यात तोवर काय आलं याची नोंद माझ्याकडे नाही. खडकावर थापेआधी ऐकू येणारे आवाज मात्र वाढत गेले. अकरा, सतरा, तीस. मामा वल्हं सोबत आणायचा, पण थापेआधी कधी पाण्यात सोडायचा नाही. ते होडीत आडवं पडून असायचं.

तेविसावी संध्याकाळ तपासणीची होती. शिट्टी वाजवायची नव्हती. समुद्र सपाट होता, वारा जवळजवळ नाही. मी हायड्रोफोन सोडून थापेआधीची दहा मिनिटं मोजली आणि आकडा वहीत लिहिला. यंत्राचा पडदा मामाकडे वळवला नाही, आणि त्यानेही मागितला नाही.

मग त्याने थाप दिली. तीन. वल्हं पाण्यात सोडलं, टोक दातांत धरलं आणि डोळे मिटले. मोजायला अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. अंधार पडत गेला. अंगठा पहिल्या पेरावरच राहिला. चाळीस मिनिटांनी त्याने वल्हं वर घेतलं, दांड्याचं टोक शर्टाला पुसलं आणि ते माझ्या पायांशी ठेवलं.

“लिवा,” तो म्हणाला.

१२ नोव्हेंबर २०३८. थापेआधी, दहा मिनिटांत, वेगळे आवाज: चौसष्ट. थापेनंतर, चाळीस मिनिटांत: शून्य.